पिवळा, सात नंबर

तिरुपूर (तामिळनाडू)
३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय चुडामण नाना,
सप्रेम जय भीम.

मी किरण, भिकुबाईचा मोठा. तुम्ही सातवीपर्यंत शिकवलेला आणि मग शाळा सोडून पळालेला. पेन धरायची सवय गेली आहे. चुका दिसल्या तर लाल शाईनं गोल करू नका, आज माझं डोकं जागेवर नाही.

तुमच्या घरी फोन केला होता. प्रेमराजभाऊंनी उचलला. म्हणाले, नानांचा एक कान फुटला, दुसरा आधीच गेलेला होता, फोनवर काही उपयोग नाही. एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला. स्वतःच्या बापाच्या कानाला काय झालं हेसुद्धा सांगितलं नाही. म्हणून कागदावर विचारतो.

मला कळलंय ते एवढंच. सव्वीस जानेवारीला आपल्या टाकळद्याच्या देवधर करंडकात सेमीफायनल होती. आपल्या वस्तीच्या टीमनं मोठ्या गल्लीला हरवलं. आणि हरवल्याबरोबर माझ्या भावाला, प्रशीलला, मैदानातच लोळवलं. जबडा दोन ठिकाणी मोडला. धुळ्याच्या दवाखान्यात त्याचे वरचे-खालचे दात तारेनं बांधून ठेवलेत, नळीनं वरणाचं पाणी पितो. आई फोनवर एकच म्हणते, तू येऊ नको. कोणी मारलं विचारलं की फोन बाजूला ठेवून देते. वस्तीतल्या पोरांना तिनं शपथ घातली आहे, किरणला कोणाचंच नाव सांगायचं नाही, चांगलं नाही की वाईट नाही. पोलिसांनी लिहिलंय 'अज्ञात दहा-बारा इसम'. नाना, आपल्या गावात अज्ञात कोण आहे? आपल्याकडे कुत्रंसुद्धा ओळखीचं असतं.

तुम्ही अंपायर होते. तुम्हाला दिसलं असणारच.

आणि हे पण लिहून टाकतो. गावात देवधर तुम्ही चालू केली, वरच्या, म्हणजे देशाच्या देवधर ट्रॉफीसारखीच, पाच गल्ल्यांचे पाच झोन. आमची वस्ती सहावी गल्ली. आम्ही अठ्ठेचाळीस वर्षं पिच लोळवलं, पाणी मारलं, काट्यात गेलेला बॉल आणून दिला. झोन मागितला की तुम्ही म्हणायचे, देशातच पाच आहेत, मी सहावा कुठून आणू? मग दोन हजार तेवीसला मी इथून दोन गाड्या बदलून पाँडिचेरीला गेलो, खरी देवधर बघायला. मैदान रिकामं, कोणी अडवलं नाही. आणि बोर्डावर सहावा झोन, ईशान्य. बेकार हरले ते, पार धुतले. पण बोर्डावर नाव होतं. मी तिथूनच वस्तीत फोन लावला, आला रे आपला झोन. हे सगळं माझ्या त्या फोनपासून सुरू झालं असं आता वाटतं, आणि मग भिंतीला बुक्की मारतो. परवा आमच्या टी-शर्ट छपाईच्या युनिटमध्ये एकजण हसला, म्हणे क्रिकेटमध्ये कोण जबडा मोडून घेतो? त्याचा खालचा ओठ फाडून ठेवला मी. कामावरून चार दिवस बसवलंय.

सहाही टीमचे टी-शर्ट इथून मीच पाठवले होते. रिजेक्ट माल होता, पण मी एकेक नंबर स्वतः छापला, नावं डोळ्यांसमोर ठेवून. म्हटलं गाव खूश होईल, वस्तीला खेळू देईल. त्यातलाच निळा शर्ट प्रशीलच्या अंगावरून कात्रीनं कापून काढला म्हणे.

कोण होतं ते सांगा. बाकी मी बघतो.

तुमचा विद्यार्थी,
किरण


टाकळदे, ता. शिंदखेडा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. किरण यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं आणि मी ते शाळेच्या ओट्यावर बसून वाचलं. घरी वाचलं नाही. चुकांना गोल केले नाहीत.

प्रशीलला परवा पाहून आलो. सूज उतरली आहे. डोळे उघडतो, पाटीवर खडूनं आईला 'पाणी' लिहून दाखवतो. त्या दिवसाचं काही आठवत नाही असं डॉक्टर म्हणतात.

झालं ते असं. मोठ्या गल्लीला, म्हणजे आपल्या वेस्ट झोनला, जिंकायला तीन धावा हव्या होत्या आणि शेवटचा गडी खेळत होता. प्रशीलचा चेंडू खाली राहिला, पायाच्या बुटावर बसला. वस्तीच्या पोरांनी अपील केलं. मी बोट वर केलं. चेंडू मधल्या यष्टीवर जात होता, मी शंभर वेळा मनात पाहिलं, जातच होता. बोट खाली यायच्या आत सीमेवर बसलेली त्यांची पिवळी टीम आत घुसली. तोंडाला रुमाल, हातात यष्ट्या, एकाच्या हातात बॅट. मैदान नांगरल्यासारखं उधळलं होतं, धुरळ्यात माणूस दिसेना. कोणीतरी ओरडत होतं, "तुमले झोन पायजे का? आते घ्या झोन." प्रशील पडला तेव्हाचा आवाज मला अजून ऐकू येतो. बाकी काही येत नाही. मी मध्ये गेलो आणि एक यष्टी माझ्या कानावर बसली.

वस्तीची पोरं दुसऱ्या टोकाला होती. ती पळत आली तोवर ह्यांनी वस्तीच्या बाजूचे दोन मांडव पाडले होते, एका मोटरसायकलवर दगड घातला होता. एका म्हातारीच्या पायावरून गाडी गेली.

भांडणाचं मूळ तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. मी तरुण होतो तेव्हा, १९७३-७४ मध्ये, देवधर ट्रॉफी सुरू झाली. त्याआधी आपल्याकडे एका दिवसात संपणारी अशी मोठी स्पर्धा नव्हती. साठ षटकं असायची. पहिल्याच वर्षी साऊथ झोननं नेली. मी दोंडाईच्याच्या स्टेशनावर पेपर यायची वाट बघायचो, निकाल वाचायचा आणि सायकलनं येऊन शाळेच्या फळ्यावर लिहायचा. तीन वर्षांनी गावात आपली काढली. वर जे बदललं ते मी इथे बदललं. त्यांनी साठाची पन्नास केली, मी विसाची सोळा केली. मग दहा वर्षांपूर्वी त्यांनी झोनच मोडले, इंडिया ए आणि बी अशा टीम केल्या. आपण मोडले नाहीत, गल्ल्या मोडता येत नाहीत. तेवीस साली झोन परत आले, सहावा घेऊन. मीही सहावा घेतला. त्यानंतर वरची स्पर्धा झालीच नाही. तेव्हा मोठ्या गल्लीत बोलणं सुरू झालं की वर बंद पडली, म्हणजे सहावा झोनही बंद. मी ऐकलं नाही. म्हटलं, खेळवणारच.

ते बोलणं शर्टांवरून वाढलं. तू पाठवलेले शर्ट इतके चांगले होते की वस्तीची टीम मैदानात उतरली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. ते कुणाला तरी बोचलं.

जमाव होता, किरण. जमावाला नाव नसतं. तू येऊ नकोस. आपल्या गावात पुना नावाचा एक खेळाडू होता, ऐकलं असशील. एक्क्याऐंशीच्या फायनलमध्ये चेंडू बॅटला चाटून गेला, कोणी अपीलसुद्धा केलं नाही, आणि तो बॅट काखेत मारून चालू पडला. गाव दहा वर्षं त्याला हसलं. मला मात्र त्या स्पर्धेतलं तेवढंच आठवावंसं वाटतं.

आईची काळजी करू नकोस.

तुझा,
चुडामण गुरुजी


तिरुपूर
२० फेब्रुवारी २०२५

नाना, जय भीम.

पुनाची गोष्ट तुम्ही चौथीत पण सांगितली होती. त्यावेळी पण मला तो येडा वाटला होता.

जमावाला नाव नसतं म्हणता, हात तर असतो ना? जबडा मोडणारा हात एकाचाच असतो.

आता ऐका. काल प्रशीलशी व्हिडिओ कॉलवर बोललो. बोललो म्हणजे मीच. आई बाहेर नळावर गेली होती. मी विचारलं, एक तरी आठवतं का? त्यानं इकडेतिकडे बघितलं. मग शेजारच्या पेशंटच्या टोपलीतलं केळं दाखवलं आणि बोटं वर केली. पाच आणि दोन.

पिवळा शर्ट, सात नंबर.

त्याला सकाळपासूनचं काहीच आठवत नाही, कोण जिंकलं ते पण नाही. तेवढा शर्ट आठवतो, अंगावर येणारा. मी त्याला सांगितलं, हात खाली घे, हे आईला नाही, पोलिसाला नाही, कोणालाच नाही. तो रडला तर तारेमुळे तोंड उघडत नव्हतं. नाकातनं आवाज येत होता. मी फोन बंद केला आणि रंगाच्या ड्रमला लाथ मारली, अख्खा हिरवा रंग फरशीवर. मालकानं महिन्याचे कापले. कापू दे.

तो सात नंबर मीच छापला नाना. फ्रेम सरळ धरून, रबर ओढून, हातानं. मोठ्या गल्लीचा सात नंबर म्हणजे नवल. लहानपणापासून तो सातच घालतो. छापताना मी हसलोसुद्धा होतो, की नवलला कॉलर घट्ट होईल, मान जाड झाली त्याची. वस्तीतल्या पोरांना तो आपल्या विहिरीवर पोहू द्यायचा, म्हणून त्याचा नंबर मी दोनदा रंग देऊन छापला, लवकर उडू नये.

मी तुम्हाला एकच विचारतो. लांबण लावू नका, इतिहास सांगू नका. पहिला फटका ज्यानं मारला त्याच्या अंगात पिवळा सात नंबर होता का? हो किंवा नाही. तुम्ही मैदानात कधी खोटं बोट वर केलं नाही, हे मला माहीत आहे.

किरण


टाकळदे
१ मार्च २०२५

चि. किरण,

होय. पिवळा शर्ट, सात नंबर.

तू विचारलंस तेवढ्याचं उत्तर दिलं. अंपायरनं त्यापुढे बोलायचं नसतं, अपील जेवढ्याचं तेवढाच निकाल.

पण गुरुजी म्हणून लिहितो. प्रशीलचा जबडा जुळतोय, पंधरा दिवसांत तार काढतील. तू इथे येऊन जे करशील त्यानं तो लवकर जुळणार नाही. पोलिसांवर सोड. मला थोडा वेळ दे. मी कोणता वेळ मागतोय ते आज सांगता येत नाही.

चुडामण गुरुजी


उधना, सुरत
१८ मार्च २०२५

नाना,

तुम्हाला कळलंच असेल, पण माझ्याकडून पण कळावं.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी हिशेब न करता निघालो. धुळवडीच्या सकाळी दोंडाईच्याला उतरलो. वस्तीत गेलो नाही, आईला भेटलो नाही. नाल्यानाल्यानं मोठ्या गल्लीच्या मळ्याकडे गेलो. आदल्या दिवशी होळी पेटलेली, राखेचा वास अजून होता. नवलच्या विहिरीजवळ पाण्याच्या मोटारीचा जुना लोखंडी पाइप पडला होता, तो उचलला आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या ढिगामागे बसलो.

तो नऊच्या सुमाराला आला. एकटाच, तोंडाला गुलाबी रंग, हातात मोटारीचा फ्यूज. जरा लंगडत होता. मला वाटलं नाटक.

मी समोर उभा राहिलो. म्हटलं, प्रशीलनं केळं दाखवलं आणि सात बोटं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, आणि हात वर केले नाहीत. हे मला रोज आठवतं. कोणीही हात वर करतोच ना? तो म्हणाला, "किरण, शर्ट मना व्हता."

बस. शर्ट माझा होता म्हणाला, म्हणजे कबूल केलं म्हटलं.

पहिला उजव्या कोपरावर. वाळलेली पऱ्हाटी गुडघ्यावर घेऊन मोडावी तसा आवाज. तो बसला. दुसरा त्याच हाताच्या मनगटावर. म्हटलं ह्याच हातानं ना, ह्याच ना? तो काही बोलायला बघत होता, मी बोलू दिलं नाही, तोंडात माती कोंबली. प्रशीलला बोलता येत नाही तर तुला का यावं? गुडघ्यावर मारला. शेवटी हात दुखले म्हणून थांबलो. रंग कुठला आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. उलटी झाली मला. आणि खरं सांगतो, उलटी झाल्यावरसुद्धा एक मारला.

विहिरीची बादली काढून त्याच्या तोंडावर पाणी टाकलं, तेवढं केलं. श्वास होता. मग पाइप नाल्यात फेकून पळालो.

आता इथे मावसभावाच्या खोलीत आहे, चहाच्या टपरीवर कप धुतो. रोज वाटतं पोलीस येतील, कोणी येत नाही. झोप लागत नाही, पण वाईट वाटतंय म्हणून नाही. वाईट वाटत नाही. हिशेब पुरा झाला असं वाटायला पाहिजे होतं, ते पण वाटत नाही. पोलीस का आले नाहीत? तो मेला तर नाही ना? पत्ता खाली दिला आहे. खरं लिहा.

किरण


टाकळदे
२४ मार्च २०२५

किरण,

नवल जिवंत आहे. कोपरात लोखंडी पट्टी घातली आहे, मनगट प्लास्टरमध्ये. हात पूर्वीसारखा वळणार नाही. गुडघा बरा होईल. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं जबाब दिला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडलो. त्याच्या बापानं कपाळ बडवून घेतलं तरी बदलला नाही. म्हणून कोणी येत नाही.

आता वाच, आणि वाचताना बसून घे.

तू गावातून गेल्यानंतर मी स्पर्धेत एक नियम घातला होता, उसन्या गड्याचा. एखाद्या झोनचा खेळाडू सामन्यात जखमी झाला तर आधीच हरून बाहेर पडलेल्या झोनमधला एक गडी त्याच्या जागी उसना घ्यायचा. आणि त्यानं जखमी गड्याचाच शर्ट घालायचा, म्हणजे धावा लिहिणाऱ्याच्या पाटीवर नंबर बदलत नाही. तुला हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. बाकी सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून ते कोणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी पहिल्या डावात कॅच घेताना नवलची पोटरी भरली. तो बाहेर बसला, लिंबाखाली, बनियनवर. त्याचा शर्ट दुसऱ्यानं घातला.

मारामारी सुरू झाली तेव्हा पिवळ्या टीममधला एकच माणूस आत धावला तो मारायला नव्हे. लंगडत. प्रशीलच्या अंगावर आडवा पडला, पाठीवर बॅटचे फटके घेतले. मग त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर टाकून, मागे तुझ्या आईला बसवून दोंडाईच्याला नेलं. वाटेत रक्त गिळून पोरगं गुदमरू नये म्हणून तुझ्या आईनं त्याचं डोकं खाली धरलं होतं. तो नवल होता. तुझ्या आईनं तुला सांगितलं नाही कारण तिनं एकही नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. चांगलंही नाही.

तू विचारलंस शर्ट कोणता. मी शर्ट सांगितला. आत कोण होतं ते तू विचारलं नव्हतंस. ही ओळ मी सात वेळा खोडली आणि परत लिहिली, कारण ती खरी आहे, आणि लाज वाटावी इतकी खरी आहे.

नवलला भेटायला गेलो होतो. मला ऐकू येत नाही म्हणून त्यानं डाव्या हातानं पाटीवर लिहिलं, 'किरणला सांगू नका, तो परत येईल.' मला वाटतं तो स्वतःसाठी नाही, त्या शर्टात जो होता त्याच्यासाठी घाबरतो.

चुडामण


उधना
२९ मार्च २०२५

नाना,

पत्र मी टपरीच्या मागे वाचलं. कप तसेच राहिले. मालक आला, त्यानं कानशिलात दिली, मी उलट दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

माझ्या भावावर जो आडवा पडला त्याचा हात मी मोडला. त्याच्या तोंडात माती कोंबली. तो सांगत होता आणि मी माती कोंबत होतो.

आणि तुम्ही. तुम्ही घरात बसून 'होय' लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. पाच झोनच्या वेळी पण असंच केलं होतं तुम्ही नाना. देशात पाच आहेत म्हणाले. खोटं काही बोलला नाहीत. तुम्ही कधीच खोटं बोलत नाही. तुमच्या खऱ्यानंच आमची माणसं मरतात.

मी छातीठोक वचन देणार नाही की आता मारणार नाही. माझ्या हातांना अजून पाइप आठवतो. नाव कळल्यावर काय करेन ते मलाच माहीत नाही. तुम्हाला भीती वाटत असेल तर वाटू द्या.

पण आता नीट विचारतो, जसं विचारायला पाहिजे होतं तसं. मैदानात उभं राहून, दोन्ही हात वर करून. अपील करतो नाना.

पिवळ्या सात नंबरात कोण होतं?

किरण


टाकळदे
५ एप्रिल २०२५

चि. किरण,

भूपेंद्र. माझा नातू, प्रेमराजचा मुलगा.

पहिला फटका त्याचा. बॅटचा नव्हे, यष्टीच्या टोकदार बाजूचा. मी त्याला ओळखलं रुमालावरून नाही, मनगटावरून. तो लहान असताना मीच ते मनगट धरून त्याला बॅट शिकवली आहे. मी मागून त्याची कॉलर धरली. म्हटलं, भूपेंद्र, मास्तरच्या घरातला शोभत नाहीस. तो वळला, आणि दुसरी माझ्या कानावर. त्याला कळलं होतं मी कोण ते. माझ्याकडे बघून मारली. त्यानंतर मी पुन्हा त्याचा आवाज ऐकलेला नाही. घरात तो तोंड हलवतो, मला दिसतं.

म्हणून प्रेमराजनं तुझा फोन ठेवला. सगळं घर हे झाकूनच ठेवत आलं.

हे पत्र पेटीत टाकायच्या आधी मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. जबाब लिहून दिला, वाचून सही केली. साहेबांनी पाटीवर लिहून विचारलं, नातू म्हणजे नक्की सख्खा? मी होय म्हटलं. दुपारी भूपेंद्रला नेलं. वकील म्हणतो कलमं जड आहेत, जामीन लवकर होणार नाही. तुला हे पत्र मिळेल तेव्हा तो तुझ्या हाताला लागणार नाही. हो, त्यासाठीच आधी तिकडे गेलो. नातवाला वाचवायला की तुला, ते मला वेगळं काढता येत नाही.

प्रेमराजनं मला ओसरीवरून खाली ढकललं. सुनेनं माझं अंथरूण अंगणात टाकलं, त्यावर पाणी ओतलं. मी शाळेच्या ओट्यावर असतो. तुझ्या आईनं डबा पाठवला. मी आधी परत पाठवला, मग तिनं स्वतः आणला आणि समोर बसून राहिली.

तुझं पाच झोनचं वाचलं. परत वाचलं.

चुडामण


टाकळदे, शाळेचा ओटा
१४ एप्रिल, दुपार

नाना,

तुमच्या समोर बसून लिहितोय, हसू नका. ओरडून सांगितलं असतं, पण हे अख्ख्या गल्लीला ऐकवायचं नाही. आज जयंती, डीजे चालू आहे, तुम्हाला तो पण ऐकू येत नाही, बरंय एका अर्थी.

सकाळी आलो. प्रशीलची तार काढली आहे. मला बघून तो म्हणाला, "भाऊ." सगळ्यात आधी तेच म्हणाला, आणि मग गाल धरून बसला, दुखतं म्हणून.

मग नवलकडे गेलो. त्याच्या बापानं कुऱ्हाड उचलली होती. नवलनं आतून काहीतरी सांगितलं, तेव्हा म्हाताऱ्यानं ती दाराला टेकवली, पण दारातून बाजूला झाला नाही. मी त्याच्या काखेखालून वाकून आत गेलो. नवलचा हात गळ्यात. मी खाटेपाशी उभाच. तो म्हणाला, "बस ना. का पाइप आणायला जाणार आहेस?" त्याची आई आतल्या खोलीत ढसाढसा रडायला लागली. मी त्याच्या खाटेजवळ, खाली जमिनीवर बसलो. मग त्यानं विचारलं, नंबर दोनदा का छापला होता रे? एवढं धुतलं, रक्त गेलं, पण सात जात नाही. भूपेंद्रनं परत टाकलेला तो शर्ट तसाच दोरीवर होता. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

मी म्हटलं, पोलिसात माझं नाव दे. तो म्हणाला, ट्रॅक्टरवरून पडलो असं एकदा सांगितलंय, आता कसं बदलू? म्हणाला, मी अपील केलेलं नाही, तू जा.

सकाळी गावाकडे येताना ठाण्यासमोरून आलो, सुटी असूनही कोर्टात न्यायला गाडी उभी होती. भूपेंद्र जाळीमागे. त्यानं मला पाहिलं. माझे हात वळले नाना, खोटं कशाला सांगू, आपोआप वळले. पाच मिनिटं उभा राहिलो. मग ते उघडले. कसे उघडले माहीत नाही.

तुम्ही म्हणता अपील नसेल तर अंपायर बोट वर करत नाही. बरोबर आहे. नवल करणार नाही, त्याच्या बापाला तो करू देणार नाही, आणि तुम्ही दमलेले आहात. पण चेंडू बॅटला लागलाय ते खेळणाऱ्याला कळतं. एक्क्याऐंशीच्या फायनलमध्ये पुनाला कळलं होतं. मला तो येडा वाटायचा.

पाइप अजून नाल्यातच होता, गवतात. गोणपाटात गुंडाळून आणलाय, ओट्याच्या खाली ठेवलाय. घाबरू नका. ठाण्यात तोही द्यावा लागेल असं वाटतं. ठाणं किती वाजेपर्यंत उघडं असतं हे मला माहीत नाही, बहुतेक रात्रभर असेल. पण उजेडातच जातो. आईला तुम्ही सांगा. ती तुमच्या समोर डबा घेऊन बसते म्हणता, तेव्हा पाटीवर लिहा.

हा कागद वाचून झाला की वर बघा. मी फाटकापाशी पोचलेलो असेन. हाक मारू नका. चुकांना ह्या वेळी लाल गोल करा, सगळ्या.

किरण